गोल अंड्यासारखा का येतो?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या ताईंनी पन्नाशी ओलांडली आहे. हाताने भरतकाम करण्याचा त्यांना तीस वर्षांचा सराव आहे. दीड वर्षापूर्वी त्यांनी एका सुईचं एम्ब्रॉयडरी मशीन घेतलं. तयार डिझाइन विकत घेऊन ती भरून झाली. आता स्वतःची डिझाइन करायची आहेत, नावं भरून देण्याची कामंही घ्यायची आहेत. सॉफ्टवेअरचे दोन पर्याय समोर आहेत. एक महागडं. विक्रेता त्यासोबत दोन दिवसांचं मोफत प्रशिक्षण आणि 'लाइफटाइम सपोर्ट' देतो, पण ही सवलत महिनाअखेरपर्यंतच. दुसरं बरंच स्वस्त. त्यात व्हिडिओ बघून शिकायचं, अडलं तर ईमेल करायची किंवा वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारायचं. भाचा म्हणतो, दोन्ही सोड, फुकटातलं घे. ताई लिहितात, "डेमोत सगळं सोपं वाटलं. घरी आले आणि पाटी कोरी. मला कॉम्प्युटर फारसा जमत नाही, म्हणून शिकवणारं कोणी असेल तेच घ्यावं असं वाटतं. पण याआधी एकदा असंच महागाचं काही घेतलं होतं, ते कपाटात पडून आहे. पुन्हा तसं झालं तर घरात तोंड दाखवायला जागा उरणार नाही."

प्रिय ताई,

कपाटात पडलेल्या वस्तूचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही. माझ्याही कपाटात तशी एक आहे. तिच्यासोबतसुद्धा दोन दिवसांचं मोफत प्रशिक्षण मिळालं होतं.

त्या प्रशिक्षणात आम्हाला गुलाबाचा फोटो दिला होता. एक बटण दाबलं की फोटोचे टाके व्हायचे, दुसरं दाबलं की पडद्यावर खरा दोरा चमकावा तसं दिसायचं. आम्ही सगळ्याजणी माना डोलावत होतो. घरी येऊन मी अगदी साधं काहीतरी करायला घेतलं. टी-शर्टच्या कापडावर पाच सेंटीमीटरचा लाल गोल आणि त्याला काळी किनार. पडद्यावर चेंडूसारखा गोल होता. मशीनमधून अंडं बाहेर आलं, तेही उभं. डाव्या-उजव्या बाजूला लाल भराव आणि काळी किनार यांच्यात पांढरं कापड दिसत होतं, आणि वरखाली लाल दोरा किनारीच्या बाहेर डोकावत होता.

सपोर्टला फोन केला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलणारा होता. कोणतं व्हर्जन आहे हे त्याने विचारलं आणि सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायला सांगितलं. मी टाकलं. अंडं. पुन्हा फोन, पुन्हा तेच. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी दुसऱ्याच कोणी फोन उचलला आणि तीन प्रश्न विचारले: कापड कोणतं? मागे काय लावलंय? टाके आडवे आहेत की उभे? दहा मिनिटांत उलगडा झाला. टाका बसताना दोरा कापडाला ओढतो, त्यामुळे टाक्यांच्या दिशेने आकार आकसतो आणि त्याच्या काटकोनात बाहेर ढकलला जातो. माझे टाके आडवे होते, म्हणून गोल आडवा आकसला आणि उभा वाढला. त्यात मी ताणलं जाणारं होजिअरी कापड रिंगमध्ये ढोलकीसारखं ताणून बसवलं होतं आणि मागे फाडून काढायचा हलका कागद लावला होता. सॉफ्टवेअर बिचारं निर्दोष होतं.

हे एवढं सांगण्याचं कारण असं की तुमच्या पत्रात 'सपोर्ट' हा शब्द सहा वेळा आला आहे आणि सहाही वेळा तो मिळेल की नाही एवढीच काळजी आहे. मला तर पहिल्या दिवसापासून मिळत होता. फोन उचलणाऱ्याला सॉफ्टवेअर माहीत होतं, कापड माहीत नव्हतं. तेव्हा दोन्ही विक्रेत्यांना हे विचारा की मला शिकवणाऱ्याने आणि माझा फोन उचलणाऱ्याने स्वतः कधी मशीनवर रिंग चढवली आहे का.

आता तुमचं ते वाक्य, 'कॉम्प्युटर जमत नाही'. पाकळी भरताना टाका कुठल्या दिशेला वळवला की उजेड नीट पडतो, हे तुम्हाला कळतं ना? भरीव टाका उठून दिसावा म्हणून आधी आत धावदोरा घालून घेता ना? त्या आतल्या धावदोऱ्यालाच सॉफ्टवेअरवाले अंडरले म्हणतात. रिंग सोडल्यावर कापड आकसणार, म्हणून पाकळी रेघेच्या कणभर बाहेरपर्यंत भरायची, याला त्यांच्या भाषेत पुल कॉम्पेन्सेशन म्हणतात. टाके किती दाट घालायचे हे तुमच्या बोटांना माहीत आहे. पडद्यावर त्याचा एक आकडा असतो, नेहमीच्या चाळीस नंबरच्या दोऱ्यासाठी दोन ओळींतलं अंतर साधारण 0.4 मिलिमीटर. म्हणजे या कामातला अवघड अर्धा भाग तुम्हाला आधीच येतो. फाइल कुठे सेव्ह झाली, माउसचं उजवं बटण कधी दाबायचं, हा सोपा अर्धा राहिला आहे, आणि नेमकी त्याचीच तुम्ही धास्ती घेतली आहे. मी उलट बाजूची माणसं पाहिली आहेत, कॉम्प्युटरवर बोटं नाचवणारी आणि टॉवेलवर भरलेली अक्षरं लुपांत बुडाली की चक्रावून जाणारी. (टॉवेलवर आधी पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवायची असते. हे त्यांना कोणीही सांगितलेलं नसतं.)

तेव्हा 'शिकवणारं कोणी असेल तेच' हा निकष बरोबर आहे, पण अपुरा आहे. काय शिकवणार, हे विचारा.

दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम मागून घ्या, तासांनिशी. पहिली सुई कितव्या तासाला कापडात जाणार आहे ते बघा. दोन्ही दिवस पडद्यासमोरच जाणार असतील, तर ती लांबवलेली डेमो आहे. फोटोचे आपोआप टाके करणारं बटण किती वेळ शिकवणार आणि हाताने आकार काढून टाक्यांची दिशा ठरवणं किती वेळ, तेही विचारा. त्या बटणाला मी नावं ठेवत नाही, साध्या ठसठशीत चित्राला ते चालतं. पण ज्या दिवशी ते चालत नाही, त्या दिवशी काय करायचं यासाठीच तर प्रशिक्षण हवं असतं. चित्राचे टाके ठरवण्याच्या या कामाला, म्हणजे डिजिटायझिंगला, जुने कारागीर अजूनही 'पंचिंग' म्हणतात, कारण पूर्वी डिझाइन कागदी पट्टीवर खरोखरच भोकं पाडून मशीनला दिली जायची. एकेक टाका ठरवून. ते कष्ट आता उरले नाहीत, पण ठरवणं उरलं आहे.

आणि दोन दिवस सलग का? हा माझा जुना राग आहे. पहिल्या दिवशी कानावर पडलेलं मुरायच्या आत दुसऱ्या दिवसाचा मारा सुरू होतो. घरी मशीनशी झटापट झाल्यावर जे प्रश्न पडतात, ते विचारायला तिसरा दिवस नसतोच. विक्रेत्याला सांगा, मला दोन दिवस नकोत, तेच बारा तास दीड-दोन तासांच्या सत्रांत दीड महिन्यात वाटून द्या, आणि प्रत्येक वेळी मी घरी भरलेला तुकडा घेऊन येईन. कबूल झाला तर त्या विक्रेत्याबद्दल माझं मत बरंच सुधारेल. 'आमच्या पद्धतीत बसत नाही' म्हणाला तर निदान सत्राचं रेकॉर्डिंग आणि सरावाच्या फाइली मिळतील का ते विचारा. घरी गेल्यावर पाटी कोरी झाली, यात तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही. डेमोतली फाइल त्यांची होती, कापड त्यांचं होतं आणि माउस त्यांच्या हातात होता.

पुढच्या डेमोला जाताना म्हणून स्वतःचं सामान न्या. होजिअरीचा एक तुकडा, आणि चिठ्ठीवर लिहिलेली दोन कामं. पहिलं म्हणजे माझा तो पाच सेंटीमीटरचा गोल, किनारीसकट. तो त्यांनी तुमच्यासमोर करून, भरून दाखवायचा, आणि मग तुम्ही माउस हातात घेऊन तोच पुन्हा करायचा. दुसरं काम नावांचं. तुम्हाला नावं भरून द्यायची आहेत म्हणता, तर 'क्षितिज' आणि 'वर्षा' ही दोन नावं देवनागरीत टाइप करायला सांगा. भरतकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून टाक्यांत बांधलेली अक्षरं असतात, ती बहुतांशी रोमन लिपीची. देवनागरीसाठी कॉम्प्युटरमधला फॉन्ट वापरून त्याचे टाके करावे लागतात, आणि इथे काही सॉफ्टवेअरची गाडी घसरते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते, 'क्ष' फुटून 'क' आणि 'ष' वेगळे उभे राहतात, 'वर्षा'मधला रफार डोक्यावर न चढता खालीच राहतो. हे जमलं तरी शिरोरेषेकडे बघा. प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी भरली तर जिथे दोन रेघा एकमेकींवर येतात तिथे गाठीसारखा उंचवटा होतो. मी अक्षरांच्या रेघा काढून टाकते आणि शेवटी सगळ्या नावावरून एकच सलग शिरोरेषा भरते. प्रशिक्षकाला हा प्रश्न नवा वाटला तर हरकत नाही. तो त्यावर विचार करू लागतो की 'रोमनमध्येच करा ना' म्हणून विषय मिटवतो, त्यावरून तुम्हाला पुढच्या दोन वर्षांचा अंदाज येईल. (मराठी नावाला वर मात्रा, खाली उकार असल्याने उंची जरा सढळ ठेवावी लागते. पाच मिलिमीटरच्या रोमन अक्षराशी बरोबरी करायला जाऊ नका. बारीक अक्षरांना चाळीसहून बारीक असा साठ नंबरचा दोरा आणि बारीक सुई.)

तुम्हाला डेमो दाखवली ती कोणत्या आवृत्तीची होती? एकाच नावाच्या सॉफ्टवेअरचे अनेक थर असतात. हॅच या भरतकामाच्या सॉफ्टवेअरचे ऑर्गनायझर, पर्सनलायझर, कंपोझर आणि डिजिटायझर असे चार आहेत. स्वतः आकार काढून टाके घालायचे तर शेवटचा लागतो. एम्बर्ड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ प्रोग्राम वेगळा घ्यायचा आणि डिजिटायझिंगचा स्टुडिओ वेगळा. यात फसवणूक काही नाही, सगळं लिहिलेलं असतं. पण डेमो सगळ्यात वरच्या थरावर होते, कोटेशन मधल्या थराचं असतं, आणि प्रशिक्षणात शिकवलेलं बटण घरच्या पडद्यावर सापडतच नाही. मग आपण समजतो की आपल्यालाच आठवत नाही. व्हिडिओंचंही तसंच. तुम्ही विकत घ्याल त्याच व्हर्जनचे आहेत का ते बघा, नाहीतर बघितलेल्या जागी बटण नसतं.

'लाइफटाइम'वर मात्र थांबायला हवं. कोणाचं आयुष्य? तुमचं, विक्रेत्याचं, की त्या व्हर्जनचं? पुष्कळदा तिसऱ्याचं असतं. नवीन व्हर्जन आलं की जुन्याचा सपोर्ट पातळ होत जातो, आणि दरम्यान कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टम बदलते. 2019मध्ये ॲपलने मॅकवर जुन्या धाटणीचे 32-बिट प्रोग्राम चालवणं बंद केलं, तेव्हा चांगली चालणारी कितीतरी सॉफ्टवेअर एका अपडेटमध्ये निकामी झाली. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर 2025मध्ये थांबवला. म्हणून लेखी विचारा: याच व्हर्जनचे दुरुस्ती-अपडेट किती काळ फुकट, पुढच्या व्हर्जनला जाताना काय भरावं लागेल, माझा लॅपटॉप बंद पडला तर लायसन्स दुसऱ्यावर कसं न्यायचं आणि किती वेळा. लॅपटॉपला यूएसबीची किल्ली लावल्याशिवाय न चालणारं सॉफ्टवेअर असेल तर ती हरवली किंवा मोडली तर काय, हाही प्रश्न घाला. आणि 'सपोर्ट'मध्ये टाक्यांविषयीचे प्रश्न येतात का, की फक्त इन्स्टॉल आणि ॲक्टिव्हेशन? माझ्या पहिल्या तीन फोनचं रहस्य तेच होतं. करारात टाके नव्हतेच.

भाच्याकडे वळू. त्याचं म्हणणं उडवून लावू नका. तो बहुधा इंकस्टिचबद्दल बोलत असावा. इंकस्केप नावाच्या चित्र काढायच्या मोफत प्रोग्रामवर ते बसतं, स्वतःही मोफत आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. काम खरं करतं, खेळणं नव्हे. पण त्यात आधी इंकस्केप शिकावं लागतं, मग टाके, आणि फोन करायला कोणी नाही. तुमच्यासाठी त्याचा उपयोग मला वेगळाच दिसतो. महिनाभर ते वापरून बघा, फक्त गोल, पान आणि एक नाव. शब्द ओळखीचे होतील. मग तुम्ही विक्रेत्यासमोर बसाल तेव्हा 'हे अवघड आहे का हो' न विचारता 'तुमच्याकडे अंडरले कुठून बदलायचा' असं विचाराल. तेवढ्याने समोरच्याचा सूर बदलतो, बघा. भाच्याला मात्र एक अट घाला. तुझ्या हातात माउस द्यायचा नाही, तू शेजारी बसून फक्त तोंडाने सांगायचं.

ग्रुपांविषयी माझं मत दोन्हीकडचं आहे. रात्री अकराला उत्तर तिथेच मिळतं. पण पाचजण पाच उत्तरं देतात आणि पाचही ठाम असतात. विकत घेण्याआधी त्या सॉफ्टवेअरच्या ग्रुपमध्ये शिरून पंधरा दिवस नुसतं वाचा. प्रश्न विचारणारीला कोणी 'कापड कोणतं, मागे काय लावलंय' असं उलट विचारतं का, नवख्या बाईची थट्टा होते का, आणि कंपनीचं कोणी कधी तोंड दाखवतं का. उलट प्रश्न येत असतील तर तो ग्रुप प्रशिक्षणाच्या तोडीचा आहे.

आणि एक विचारते, रागावू नका. तुम्हाला डिजिटायझिंग करायचंच आहे ना? नावं घालणं आणि विकत घेतलेल्या डिझाइनची जुळवाजुळव, एवढ्यावर तुमचं काम भागत असेल तर खालच्या थरातलं सॉफ्टवेअर पुरतं आणि अधूनमधून लागणारं खास डिझाइन दुसऱ्याकडून करून घेता येतं. तसं करून घेतलंत तर मशीनच्या फाइलसोबत मूळ, बदलता येणारी फाइलही मागा. मशीनच्या फाइलमध्ये नुसते टाके असतात, ती फार मोठी-लहान केली की टाके विरळ पडतात किंवा एकमेकांवर चढतात. डीएसटी या प्रकारची मशीनची फाइल उघडल्यावर रंग भलतेच दिसले तर घाबरून सपोर्टला फोन करू नका, तिच्यात दोऱ्याचे रंग साठवलेलेच नसतात. पण तुमच्या पत्रात आईच्या जुन्या चादरीवरची वेल पुन्हा करायची आहे असं एक वाक्य आहे. ते वाचून मला वाटतं, तुम्हाला स्वतःच टाके घालायचे आहेत. मग घाला.

मी तुमच्या जागी असते तर महिनाअखेर जाऊ दिली असती. सवलती फिरून येतात. दोन्ही विक्रेत्यांकडे ट्रायल मागितली असती, अनेक कंपन्या ठरावीक दिवसांची देतात. मशीनशेजारी वेळ मिळेल त्याच आठवड्यात ती सुरू केली असती, कारण दिवस मोजले जातात. मग आपला गोल भरून, त्याचा फोटो काढून, पैसे भरण्याआधीच दोघांच्याही सपोर्टला एकच ओळ पाठवली असती: 'माझा गोल अंड्यासारखा का येतो?' स्वस्तवाल्याने दुसऱ्या दिवशी कापडाबद्दल विचारलं आणि महागड्याने सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला सांगितलं, तर माझा कौल स्वस्तवाल्याला. उलटं झालं तर महागडं घ्या, पण सत्रं दीड महिन्यात वाटून मिळत असतील तरच. दोघेही गप्प बसले तर तिसरा शोधायचा, तोवर इंकस्टिच आहेच. सपोर्टवाले तुमच्या पडद्यावर लांबून येऊन मदत करतो म्हणाले तर चांगलंच आहे, मात्र फोन तुम्ही केलेला असेल तेव्हाच येऊ द्या आणि काम झालं की ते बंद झालंय ना ते बघा.

फोटो पाठवाल तेव्हा शेजारी मोजपट्टी ठेवा आणि कापडाच्या मागच्या बाजूचाही फोटो जोडा. किनारीच्या भरीव टाक्यात मागून मधोमध साधारण एक तृतीयांश रुंदीची बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याची पट्टी दिसायला हवी. ती दिसत नसेल, किंवा बॉबिनचा दोरा वर येत असेल, तर आधी मशीनचा ताण नीट करा आणि गोल पुन्हा भरा. नाहीतर दोन्ही विक्रेते तेच कारण पुढे करतील, आणि त्यांचं म्हणणं बरोबरही असेल.